‘अंडरटेक’ म्हणजे लिहून देणं: सही करण्याआधी हे क्रियापद नीट समजून घ्या

जून उजाडला की परभणीतल्या माझ्या इंग्रजीच्या वर्गात मुलं वह्या कमी आणि फॉर्म जास्त घेऊन येतात. जिंतूर, सोनपेठ, पाथरी, पूर्णा, कुठून कुठून येतात. घरातलं पहिलंच पोरगं किंवा पहिलीच पोरगी कॉलेजला निघालेली असते. नाव, जन्मतारीख, आधार, बँकेचा खाते क्रमांक, ही पानं त्यांनी स्वतःच भरलेली असतात. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक परिच्छेद आणि त्याखाली सहीची रेघ. बोट थेट त्या रेघेवर येतं. ‘सर, इथंच करायची ना सही?’

त्या परिच्छेदात बहुतेक वेळा एकच क्रियापद सगळा भार वाहत असतं. ते म्हणजे अंडरटेक. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांनी हे एक क्रियापद तरी मुळापासून शिकावं असं मला मनापासून वाटतं, कारण चुकीचं इंग्रजी बोललं तर फार तर मार्क जातात. हे न कळता सही केली तर पैसे जातात, वर्ष जातं.

माझ्या मावसबहिणीच्या मुलाचं असंच झालं. डिप्लोमा होऊन पोरगं पुण्यात एका कंपनीत लागलं. सात महिन्यांनी वडील आजारी पडले, वावर बघायला कुणी नाही, म्हणून नोकरी सोडून गावी आलं. महिनाभरात कंपनीचं पत्र आलं. दोन वर्षं नोकरी करीन, मध्येच सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च भरून देईन, असं त्याने रुजू होताना लिहून दिलं होतं. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाला, ‘मामा, मला वाटलं अंडरटेक म्हणजे मला समजलं.’ त्याने अंडरस्टँड आणि अंडरटेक एकच धरले होते. दोन्हींची सुरुवात सारखी, दोन्ही एकाच ओळीत छापलेले. अशी गल्लत करणारा तो एकटा नाही. तेव्हापासून मी दरवर्षी वर्ग इथूनच सुरू करतो.

आधी दोन शब्द वेगळे करा

फॉर्मवर पुष्कळदा दोन्ही क्रियापदं एकापाठोपाठ येतात. ‘आय अंडरस्टँड दॅट’ असं जिथे आहे, तिथे पुढे संस्थेचा नियम येतो आणि तो तुम्हाला माहीत आहे एवढंच तुम्ही कबूल करता. ‘आय अंडरटेक टू’ किंवा ‘आय अंडरटेक दॅट’ आलं की पुढे नियम संपला, तुमचा शब्द सुरू झाला. पेन्सिल घ्या आणि अंडरस्टँडच्या पुढचा भाग एका रेघेने, अंडरटेकच्या पुढचा भाग दोन रेघांनी अधोरेखित करा. ज्याच्याखाली दोन रेघा येतील ते तुम्हाला पाळायचं आहे.

मग मराठी शब्द शोधा, पण एकच शोधू नका

अंडर म्हणजे खाली आणि टेक म्हणजे घेणे, म्हणून अंडरटेक म्हणजे खाली घेणे, असं फोडून अर्थ लागत नाही. आपल्याकडे ‘विडा उचलला’ म्हणतो तेव्हा पानसुपारी कुणाच्या डोळ्यांपुढे नसते. भर दरबारात तबकात विडा ठेवायचा आणि ज्याने तो उचलला त्याच्या शिरावर ती कामगिरी, ही जुनी रीत. अफजलखानाने विजापूरच्या दरबारात असाच विडा उचलल्याची गोष्ट शिवचरित्रात आपण लहानपणीच ऐकलेली असते. अंडरटेकच्या मुळाशी नेमका हाच भाव आहे: चारचौघांत पुढे होऊन काम स्वतःच्या अंगावर घेणं. युरोपातल्या शेजारी भाषांतही अशाच घडणीची क्रियापदं आहेत. जर्मनमध्ये उंटरनेमेन, फ्रेंचमध्ये आँत्रप्रांद्र. या फ्रेंच क्रियापदावरूनच आंत्रप्रुनर हा शब्द आला, ज्याला आपण उद्योजक म्हणतो.

आजच्या वापरात अंडरटेकचे दोन अर्थ लक्षात ठेवले की नव्वद टक्के काम होतं. पहिला, हाती घेणे. दुसरा, लिहून देणे किंवा हमी देणे. कुठे कोणता अर्थ लावायचा ते पुढच्या शब्दावरून ठरतं, म्हणून पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची.

अंडरटेकच्या लगेच पुढे काय आलंय ते बघा

पुढे कामाचं नाव आलं तर अर्थ ‘हाती घेणे’. सर्व्हे, रिसर्च, रिपेअर वर्क, प्रोजेक्ट, जर्नी, असे शब्द. ‘द व्हिलेज अंडरटुक द रिपेअर ऑफ द वेल’ म्हणजे गावाने विहिरीच्या दुरुस्तीचं काम हाती घेतलं. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्याबद्दल लिहायचं तर ‘अंडरटेक अ पिलग्रिमेज’ हाच इंग्रजीतला रुळलेला प्रयोग. थोडं मोठं, वेळ आणि कष्ट लागणारं काम असेल तरच हे क्रियापद शोभतं. जेवण हाती घेतलं, आंघोळ हाती घेतली असं आपण म्हणत नाही, तसं तिकडेही म्हणत नाहीत.

इथे एक गोष्ट अगदी घट्ट धरा. हाती घेणं म्हणजे पूर्ण करणं नव्हे. जायकवाडीचं उदाहरण मी फळ्यावर लिहितो, कारण आमच्याकडच्या प्रत्येक पोराला ते धरण ठाऊक असतं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. १९६५च्या पुढे ‘अंडरटुक’ लिहायचं, १९७६च्या पुढे ‘कम्प्लीटेड’. मध्ये अकरा वर्षं आहेत. बायोडेटात ‘अंडरटुक अ सॉइल सर्व्हे’ एवढंच लिहिलं तर मुलाखत घेणारा विचारू शकतो, पूर्ण झाला का? झाला असेल तर पुढे ‘अँड कम्प्लीटेड’ लिहा. तुमच्या कष्टांचा अर्धा भाग वाऱ्यावर सोडू नका.

पुढे ‘टू’ आणि क्रियापद आलं तर अर्थ बदलला: अमुक करण्याची हमी देणे. ‘आय अंडरटेक टू सबमिट द सर्टिफिकेट’ म्हणजे प्रमाणपत्र सादर करीन असं मी लिहून देतो. या ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूपच येतं. ‘अंडरटेक सबमिटिंग’ चुकीचं, ‘अंडरटेक टू सबमिटिंग’ त्याहून चुकीचं. ही चूक कमिट या शेजाऱ्यामुळे होते. ‘कमिटेड टू सबमिटिंग’ बरोबर आहे, कारण तिथला ‘टू’ शब्दयोगी अव्ययासारखा आहे, त्याच्यापुढे नाम लागतं. दिसायला एकच ‘टू’, पण काम वेगळं.

पुढे ‘दॅट’ आलं तर अर्थ तोच, लिहून देतो की. मात्र इथे दचकून थांबा आणि ‘दॅट’च्या पुढचा कर्ता बघा. ‘टू’ असेल तेव्हा करणारा तुम्हीच असता. ‘दॅट’ असेल तेव्हा करणारा दुसराही असू शकतो. वसतिगृहाच्या फॉर्मवर वडिलांसाठी ओळ असते: ‘आय अंडरटेक दॅट माय वॉर्ड शॅल...’ वॉर्ड म्हणजे पाल्य. वागायचं मुलाने, शब्द द्यायचा बापाने. वडील तिकडे अंगठा किंवा सही करतात आणि मुलगा ते वाचूनही दाखवत नाही. माझी हात जोडून विनंती आहे, वडिलांना ती ओळ मराठीत सांगा. ‘बाबा, मी नियम मोडला तर तुम्ही जबाबदार, असं तुम्ही लिहून द्यायलात,’ एवढं एक वाक्य पुरे.

‘लिहून देतो की’ ही किल्ली

या अर्थाला मराठीत हमीपत्र हा शब्द कार्यालयात चालतो आणि तो बरोबरच आहे. पण मला विचाराल तर नेमका शब्द ‘लिहून देणे’. घरात जमिनीचं जुनं खरेदीखत असेल तर काढून बघा. वर एक ‘लिहून घेणार’, एक ‘लिहून देणार’, आणि मग ‘कारणे लिहून देतो की’. अंडरटेक करणारा हा नेहमी लिहून देणार असतो. कागदावर तुमच्या समोरची बाजू कोण, लिहून घेणार कोण, हे विचारलं की अर्ध्या शंका मिटतात. आजोबांना विचारलंत तर ते कदाचित इकरारनामा म्हणतील. १९४८पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, कारभार उर्दूत चालायचा, त्यामुळे आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी हे शब्द अजून ताजे आहेत. कोर्टाच्या बातमीत ‘जातमुचलक्यावर सुटका’ असं वाचता ना, त्यातला मुचलकाही याच घराण्यातला: बोलावल्यावर हजर राहीन असं स्वतः लिहून देणं.

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. कोर्टाला दिलेली अंडरटेकिंग जाणूनबुजून मोडली तर १९७१च्या न्यायालयाच्या अवमानाच्या कायद्यानुसार तो दिवाणी अवमान ठरतो. कॉलेजला दिलेली हमी आणि कोर्टाला दिलेली हमी यांत शब्द एकच असला तरी वजन वेगळं. ‘आय अंडरटेक टू द कोर्ट’ अशी रचना दिसली की वकिलांकडून पूर्ण समजून घेतल्याशिवाय सही नाही.

घोषणा, शपथ, हमी आणि जामीन

सेतू केंद्राच्या बाहेर सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. डिक्लेरेशन म्हणजे घोषणापत्र. ते आज जे आहे किंवा काल जे झालं त्याबद्दल असतं: माझं उत्पन्न एवढं आहे, मी या गावचा रहिवासी आहे. अंडरटेकिंग उद्याबद्दल असतं: करीन, देईन, पाळीन. डिक्लेरेशन खोटं ठरतं, अंडरटेकिंग मोडतं. ॲफिडेव्हिट म्हणजे शपथेवर केलेला कागद, त्यात दोन्ही असू शकतं. २०१५ साली राज्य शासनाने पुष्कळ दाखल्यांसाठी शपथपत्राची अट काढून साधं स्वयंघोषणापत्र पुरेसं केलं. त्यामुळे कुणी स्टॅम्प पेपरची मागणी केली तर आधी विचारा की नक्की काय हवंय, घोषणा, हमी की शपथपत्र.

कॉलेजच्या रॅगिंगविरोधी फॉर्ममध्ये हे सगळं एकत्र सापडतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनुसार विद्यार्थी आणि पालक दोघांनीही तो द्यायचा असतो. त्यात ‘ॲव्हर अँड अंडरटेक’ अशी जोडी आहे. ॲव्हर म्हणजे ठासून सांगणं, अंडरटेक म्हणजे लिहून देणं. रॅगिंग करणार नाही आणि करणाऱ्याला साथही देणार नाही, असं तुम्ही तिथे लिहून देता. दुसरा भाग पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. बाजूला उभं राहून हसणाराही मग त्या शब्दात अडकतो.

आता हमी हा आपला शब्द. तो इतका पसरट आहे की उलट भाषांतर करताना घात करतो. मोंढ्यात सोयाबीनला हमीभाव मागतो ती हमी म्हणजे आधार, इंग्रजीत त्याला सपोर्ट प्राइस म्हणतात. १९७२च्या दुष्काळात खडी फोडून ज्यांनी दिवस काढले त्यांना रोजगार हमी योजना सांगायला नको. १९७७ साली तिचा कायदा झाला. तिथल्या हमीला इंग्रजीत गॅरंटी म्हणतात, कारण काम मिळेलच असं सरकार सांगतं. त्याच योजनेतल्या नाला बंडिंगच्या आणि पाझर तलावाच्या कामांबद्दल लिहायचं तर ‘वर्क्स अंडरटेकन’ म्हणायचं, म्हणजे हाती घेतलेली कामं. आणि भावाच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिलात तर इंग्रजीत तुम्ही गॅरंटर. थोडक्यात, मराठीत हमी दिसली की लगेच अंडरटेकिंग लिहू नका. मी स्वतः काहीतरी करण्याचा शब्द देतोय का, हे तपासा, मगच लिहा.

प्रॉमिसशी तुलना करायची तर एक नोट हातात घ्या. तिच्यावर ‘आय प्रॉमिस टू पे द बेअरर’ असं छापलेलं आहे, अंडरटेक नाही. पण वचनचिठ्ठीची व्याख्या करताना १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याने शब्द वापरला ‘अनकंडिशनल अंडरटेकिंग’. म्हणजे कायद्याच्या नजरेत दोघे सख्खे भाऊ. फरक वापराचा. प्रॉमिस घरात चालतं, आईला करता येतं, ‘आय प्रॉमिस यू’ म्हणता येतं. ‘आय अंडरटेक यू’ म्हणता येत नाही. अंडरटेक कागदावर, बैठकीत, कार्यालयातच शोभतं.

सोबत येणारे शब्द

अंडरटेक कधी एकटं येत नाही. हे सोबती वहीत उतरवून घ्या. हिअरबाय म्हणजे याद्वारे. अबाइड बाय म्हणजे पाळणे. इंडेम्निफाय म्हणजे झालेलं नुकसान भरून देणे. हा शब्द दिसला की पैशाचा विषय आहे हे समजा. आणि सर्वांत धारदार, फेलिंग विच. ‘फेलिंग विच माय ॲडमिशन शॅल बी कॅन्सल्ड’ म्हणजे तसं न केल्यास माझा प्रवेश रद्द होईल. मुलं ‘फेलिंग’ बघून नापास झाल्यास असा अर्थ लावतात. परीक्षेचा इथे काही संबंध नाही. कागदातला खरा दंड या दोन शब्दांच्या पुढे लिहिलेला असतो, म्हणून पान हातात आलं की मी आधी तेच शोधतो.

नकाराची जागाही बघा. ‘आय अंडरटेक नॉट टू’ म्हणजे अमुक करणार नाही असं लिहून देतो. ‘वुई डू नॉट अंडरटेक टू’ म्हणजे अमुक करण्याची जबाबदारी आम्ही घेत नाही. वसतिगृहाच्या माहितीपत्रकात मौल्यवान वस्तूंबद्दल दुसऱ्या प्रकारचं वाक्य असलं तर मोबाइल चोरीला गेल्यावर ते हात वर करणार, हे आधीच ओळखा.

स्वतः लिहिताना

रूपं पाठ करा: अंडरटेक, अंडरटुक, अंडरटेकन. ‘अंडरटेक्ड’ असं काही नसतं. बोलताना जोर शेवटच्या ‘टेक’वर.

काम हाती घेणारा म्हणून स्वतःला अंडरटेकर लिहू नका. एकेकाळी त्याचा तसा अर्थ होता, पण काही शतकांपासून इंग्रजीत तो शब्द अंत्यसंस्काराची व्यवस्था करणाऱ्या व्यावसायिकासाठी ठरून गेला आहे. अंडरटेकिंगचं मात्र तसं झालं नाही. त्याचे हमीपत्र आणि उपक्रम असे दोन्ही अर्थ चालू आहेत. बेस्ट उपक्रम किंवा सार्वजनिक उपक्रम म्हणतो त्यातला उपक्रम हाच.

ऑपरेशन झालं असेल तर ‘अंडरवेंट’, म्हणजे अंडरगो. जे आपल्यावर होतं ते अंडरगो, जे आपण अंगावर घेतो ते अंडरटेक. ट्रेनिंगला दोन्ही चालतात. ओव्हरटेक ही वेगळीच गोष्ट, ती रस्त्यावरची.

सहीच्या दिवशी

कागद मोठ्याने वाचा. मग कोऱ्या पानावर मराठीत तीन ओळी लिहा: मी काय करीन, कधीपर्यंत करीन, नाही केलं तर काय होईल. तिसरी ओळ लिहिता आली नाही तर कागद कळलेला नाही, उद्या या असं सांगून परत फिरा. तारखेची जागा कोरी असेल तर सही करू नका. वय अठराच्या खाली असेल तर करार करण्याची कायदेशीर पात्रता तुमच्याकडे नाही, म्हणून तिथे पालकांची सही मागतात; त्यांना सोबत न्या.

भाच्याच्या कागदाचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी १८७२च्या करार कायद्यातलं कलम ७४ दाखवलं. करार मोडल्यास द्यायची रक्कम कागदावर लिहिलेली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देतं, लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. त्या आधारावर पत्रोत्तर झालं आणि रक्कम बरीच खाली आली. पण देणं चुकलं नाही. त्या वर्षीच्या तुरीचे पैसे त्यातच गेले. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि आणखी काही गटांना तिथे उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते, बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे.

कधी कॉलेज सांगतं, हमीपत्र तुम्हीच लिहून आणा. मग घाबरायचं नाही, उलट ही चांगली संधी, कारण शब्द तुमचे. मराठीत असं लिहा: ‘मी, खाली सही करणार, याद्वारे लिहून देतो की, जात वैधता प्रमाणपत्र मला मिळताच, आणि उशिरात उशिरा अमुक तारखेपर्यंत, कार्यालयात सादर करीन.’ इंग्रजीत हवं असेल तर ‘आय हिअरबाय अंडरटेक टू सबमिट’ एवढ्यावर सुरुवात करा, पुढे कागदाचं नाव आणि तारीख. जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द देऊ नका. प्रमाणपत्र मिळवीन असं लिहू नका, ते जात पडताळणी समितीच्या हातात आहे. मिळाल्यावर सादर करीन असं लिहा.

सही केलेल्या कागदाची एक झेरॉक्स काढून न्या. मूळ कागद कार्यालयात द्या, झेरॉक्सवर पोच घ्या: शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. बाहेर आल्यावर पोचेचा फोटो काढून घरच्यांना पाठवा आणि लिहून दिलेल्या तारखेच्या पंधरा दिवस आधीचा गजर मोबाइलमध्ये लावून टाका.